गर्भातील हृदय आणि रक्तवाहिन्यांची घडण

सप्टेंबर 2017 मध्ये सुरतेतील एका 14 महिन्यांच्या बालकाचे हृदय मुंबईला नेण्यात आले. पडल्यामुळे डोक्याला मार लागून ते बालक मेंदुमृत झाले होते. आईवडिलांनी अवयवदानास संमती दिली आणि ते हृदय मुलुंडच्या एका रुग्णालयात नवी मुंबईतील साडेतीन वर्षांच्या मुलीच्या छातीत बसविण्यात आले. त्या मुलीच्या हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगले होते आणि औषधांचा उपयोग संपत आला होता. सुरतेहून मुंबईला हृदय जाण्याच्या घटना त्याआधी झाल्या होत्या, पुढेही झाल्या. पण इतक्या लहान दात्यामुळे या घटनेकडे सर्वांचे लक्ष गेले.

वर्गात ही बातमी सांगितली तर एखादा विद्यार्थी हमखास विचारतो की यकृताचा तुकडा कापला तरी ते भरून येते, कातडी भरून येते, मोडलेले हाड जुळते. मग हृदयच तेवढे अख्खे का बदलावे लागते? या प्रश्नाचे नेमके उत्तर 2009 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दिले, आणि तेही मोठ्या युक्तीने. 1950 नंतरच्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण काही वर्षे एकदम वाढले होते. प्रत्येक पेशीच्या गुणसूत्रांत ती पेशी जन्मली त्या काळचा कार्बन अडकून राहतो. त्यावरून हृदयस्नायूच्या पेशींची वये मोजता आली. पंचविशीतल्या माणसात वर्षाला सुमारे 1 टक्का स्नायुपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीपर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. म्हणजे आयुष्य सरत आले तरी हृदयाच्या निम्म्याहून अधिक स्नायुपेशी जन्मापासूनच्याच असतात. बाळाचे हृदय मोठे होते ते मुख्यतः आहेत त्या पेशी जाड आणि लांब झाल्याने.

तेव्हा हृदय घडण्याचा खरा काळ आईच्या पोटातला आहे, आणि त्यातही फार थोड्या दिवसांचा. ते दिवस कोणते आणि त्या दिवसांत काय घडते, हे अध्यापकाने नीट समजून घेण्याजोगे आहे. वर्गातील अनेक मुली येत्या काही वर्षांत माता होणार असतात आणि त्यांना ही माहिती बहुधा उशिरा मिळते.

पेशींची चकती

गर्भधारणेनंतर दोन आठवड्यांनी गर्भ म्हणजे पेशींची एक सपाट चकती असते. तिला ना हृदय असते ना रक्त. प्राणवायू आणि पोषण आजूबाजूच्या द्रवातून आपोआप झिरपत आत येते. पण असे झिरपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच्या जाडीपर्यंतच पुरते. गर्भ त्याहून जाड झाला की आतल्या पेशी उपाशी राहतील. म्हणून शरीरातील सर्व अवयवांमध्ये काम करू लागणारा पहिला अवयव हृदय हाच असतो. मेंदूला विचार सुचण्याच्या, फुप्फुसाला श्वास ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी हृदय कामाला लागलेले असते.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला चकतीच्या मध्यरेषेवर एक खाच दिसू लागते. तिला आदिरेषा म्हणतात. वरच्या थरातील पेशी या खाचेतून आत उतरतात आणि वरचा व खालचा थर यांच्यामध्ये पसरतात. हा मधला थर म्हणजे मध्यस्तर. हाडे, स्नायू, मूत्रपिंडे, रक्त, रक्तवाहिन्या आणि हृदय हे सारे त्यातून होते. हृदयाकडे जाणाऱ्या पेशी लवकर आत उतरतात, दोन्ही बाजूंनी पुढे सरकतात आणि डोक्याच्या भावी जागेपुढे चंद्रकोरीच्या आकारात जमतात. हा साधारण 18 वा किंवा 19 वा दिवस.

त्या पेशींना हृदय होण्याचा आदेश कोण देते? मुख्यतः शेजार. खालच्या थरातून काही प्रथिने पाझरतात. ती ज्या पेशींपर्यंत पोहोचतात त्यांच्यात ठरावीक जनुके जागी होतात. त्यांपैकी एका जनुकाची ओळख फळमाशीमुळे झाली. ते जनुक नसले तर माशीच्या गर्भात हृदयच तयार होत नाही, म्हणून संशोधकांनी त्याला ‘टिनमन’ असे नाव दिले. एका प्रसिद्ध अमेरिकन बालकथेतील पत्र्याच्या माणसाला हृदय नसते, त्यावरून. माणसात त्याच घराण्यातील जनुकात बिघाड असेल तर हृदयाच्या पडद्यात छिद्र राहणे आणि ठोक्यांचा संदेश अडखळणे हे दोन्ही दोष एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळतात, हे 1998 मध्ये दाखविण्यात आले. माशी आणि माणूस यांच्या हृदयांची मूळ आज्ञा एकच असावी, ही गोष्ट जीवशास्त्राच्या अध्यापकालाही पुन्हा पुन्हा चकित करते.

पुण्याच्या प्रयोगशाळेतील कोंबडीचे अंडे

मानवी गर्भाचे हे दिवस डोळ्यांनी पाहता येत नाहीत. जे पाहता आले ते बहुतांशी कोंबडीच्या अंड्यात. तिसऱ्या दिवशी अंड्यात एक लाल ठिपका उड्या मारताना दिसतो, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली होती. 1955 मध्ये डेनिस न्यू या शास्त्रज्ञाने कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर, काचेच्या कड्यावर ताणलेल्या पातळ पटलावर वाढविण्याची पद्धत बसविली. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तासातासाला बदल पाहणे शक्य झाले. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी गर्भविज्ञानाचे असे काम रुजविले. एडिंबरो येथे वॉडिंग्टन यांच्याकडे संशोधन करून त्या परतल्या होत्या, आणि आदिरेषेच्या बाजूच्या भागांत शेजारच्या पेशींना दिशा देण्याची शक्ती किती असते यावरील त्यांचा निबंध 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भावर काम चालू ठेवले. प्रचंड खर्चाच्या यंत्रांशिवाय, एका अंड्याच्या आधारे मूलभूत विज्ञान करता येते, याचे हे आपल्याकडील चांगले उदाहरण आहे. त्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतो, ही खेदाची बाब होय.

कोंबडीच्या गर्भात दिसते ते असे. चंद्रकोरीच्या दोन बाजूंना दोन पातळ नलिका तयार होतात. गर्भ घडी घालू लागतो तशा त्या मध्यरेषेकडे येतात आणि एकमेकींना चिकटून एक नलिका होते. हे चिकटणे मुद्दाम होऊ दिले नाही तर काय होईल? प्रयोगात तसे केले असता दोन हृदये तयार झाली, आणि दोन्ही धडधडत राहिली! प्रत्येक बाजूच्या पेशींजवळ पुरे हृदय घडविण्याची क्षमता असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दीड दिवसाच्या सुमारास नलिका थरथरू लागते. सुरुवातीला ठोके अनियमित असतात आणि आत पोहोचण्याजोगे रक्तही नसते. मेंदूकडून किंवा मज्जातंतूकडून कोणताही हुकूम आलेला नसतो. ते तंतू अजून तेथे पोहोचलेलेच नाहीत. स्नायुपेशीच्या आवरणातून क्षार आतबाहेर होतात, आतले कॅल्शियम वाढते, पेशी आक्रसते, शेजारणीला तोच धक्का देते. मानवी गर्भात हीच गोष्ट सुमारे 22 व्या दिवशी घडते. आपण यंत्र आधी पुरे बांधतो आणि मग चालू करतो. हृदय मात्र चालता चालता बांधले जाते.

मग सरळ नलिका वळते, आणि ती उजवीकडे वळते. खालचे टोक वर आणि मागे जाते, मधला फुगवटा पुढे येतो. येथे उर्दू वर्गातील अध्यापकाला एक शब्द हाताशी आहे. ‘क़ल्ब’ हा हृदयाचा अरबी शब्द ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थ उलटणे, वळणे असा आहे. भाषेने तो अर्थ मनाच्या चंचलपणावरून घेतला असावा, परंतु विद्यार्थ्याच्या लक्षात राहण्यासाठी तो उपयोगी पडतो. उजवे कोणते आणि डावे कोणते, हे गर्भाला त्याआधीच ठरवावे लागते. उंदराच्या गर्भात आदिरेषेच्या टोकाशी सूक्ष्म केस भोवऱ्यासारखे फिरतात आणि द्रव डावीकडे ढकलतात, हे जपानी संशोधकांनी 1998 मध्ये दाखविले. माणसातही असेच घडत असावे, कारण ज्यांच्या शरीरातील असे केस जन्मतः हलत नाहीत त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांचे हृदय उजव्या बाजूला असते.

फार काळ असे समजले जात होते की हृदयाचे सर्व भाग त्या पहिल्या नलिकेतूनच होतात. 2001 मध्ये हे मत बदलावे लागले. नलिकेच्या मागे पेशींचा दुसरा साठा असतो आणि तो नंतर भर घालत जातो. उजवी जवनिका आणि रक्त बाहेर नेणारा मार्ग मुख्यतः त्यातून होतो. त्याखेरीज मेंदूच्या कडेहून निघालेल्या काही पेशी लांबचा प्रवास करून तेथे येतात आणि एकाच मोठ्या वाहिनीची महारोहिणी व फुप्फुसरोहिणी अशी विभागणी करण्यास मदत करतात. 1983 मध्ये कोंबडीच्या गर्भातून या प्रवासी पेशी काढून टाकल्या असता ती वाहिनी अविभक्तच राहिली. ‘निळे बाळ’ म्हणून जे रोग ओळखले जातात त्यांपैकी बऱ्याच रोगांचे मूळ या एका जागी, या बाहेरच्या मार्गाच्या विभागणीत सापडते.

रक्त आणि त्याचे रस्ते

रक्तवाहिन्या हृदयातून फुटून बाहेर पसरतात, असा विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण समज असतो. झाडाच्या चित्रामुळे तो पक्का होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पहिल्या वाहिन्या हृदयापासून दूर, पीतक पिशवीच्या भिंतीत, स्वतंत्रपणे निर्माण होतात. तेथे मध्यस्तराच्या पेशींचे पुंजके जमतात, त्यांना रक्तद्वीपे म्हणतात. पुंजक्याच्या बाहेरच्या पेशी चपट्या होऊन वाहिनीचे अस्तर बनतात आणि आतल्या पेशी रक्तपेशी बनतात. पाणी आणि कालव्याचा काठ एकाच मातीतून निघावा तसा हा प्रकार आहे. फ्लोरेन्स सेबिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जिवंत कोंबडीच्या गर्भात हे घडताना पाहिले होते. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने रक्त व वाहिन्यांच्या मूळ पेशींत काम करणाऱ्या एका प्रथिनाचा अभ्यास केला. त्याला त्यांनी ‘असृज’ हे नाव दिले, रक्तासाठी असलेला संस्कृत शब्द.

द्वीपे एकमेकांना जोडली जातात आणि जाळे तयार होते. पुढे त्याच जाळ्याला कोंब फुटून नव्या वाहिन्या निघतात. हे दुसरे काम भुकेने चालते. जेथील पेशींना प्राणवायू कमी पडतो तेथून एक प्रथिन बाहेर पडते आणि वाहिनीच्या अस्तरातील पेशी त्याच्या दिशेने सरकतात. 1996 मध्ये उंदरांवरील प्रयोगात या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत काढली, तरी गर्भ जगले नाहीत. इतक्या काटेकोर प्रमाणात ते लागते. कर्करोगाच्या गाठी हेच प्रथिन वापरून स्वतःकडे रक्त वळवून घेतात, आणि मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर ज्या नाजूक वाहिन्या वाढून दृष्टी जाते त्यांमागेही तेच असते. गर्भातील एक हत्यार प्रौढ वयात चुकीच्या हाती पडावे तसे हे आहे.

रोहिणी आणि नीला यांतील भेद सुरुवातीलाच काही अंशी ठरलेला असतो. दोघींच्या अस्तराच्या पेशींवर वेगवेगळी प्रथिने असतात. परंतु रक्ताचा झोतही आपले काम करतो. ज्या वाटेने रक्त जोरात वाहते ती रुंद होते, तिला जाड भिंत येते. जेथे वाहत नाही ती वाट बुजते. म्हणून हृदयाने ठोके लवकर सुरू करणे वाहिन्यांच्या घडणीसाठीही आवश्यक असते.

या ठिकाणी भाषेची एक अडचण नोंदविणे योग्य होईल. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, उर्दू, हिंदी अशा अनेक माध्यमांच्या आहेत, आणि त्यांतून आलेली मुले महाविद्यालयात एकाच बाकावर बसतात. मराठीतून आलेला ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ म्हणतो, गुजरातीतून आलेला ‘धमनी’ आणि ‘शिरा’, उर्दूतून आलेला ‘शिरयान’ आणि ‘वरीद’. बोलीत तर ‘शीर’ आणि ‘नस’ हे शब्द रक्तवाहिनी आणि मज्जातंतू या दोन्हींना सर्रास लावले जातात. शब्दांची सरमिसळ झाली की कल्पनांचीही होते. त्यात ‘रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध’ ही पाठ केलेली व्याख्या गर्भात उलटी पडते, कारण वारेकडून प्राणवायू घेऊन येणारे रक्त नाळेतील नीलेतूनच येते. रोहिणी हृदयापासून दूर नेते, नीला हृदयाकडे आणते, एवढीच व्याख्या तिन्ही भाषांत करून दिली तर पुढचा गोंधळ टळतो.

हे सारे वर्गात दाखविण्यासाठी गर्भ मारावा लागत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर, ज्याचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे. मात्र दुकानातील खाण्याची अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. उबवण केंद्रातूनच अंडी घ्यावी लागतात. सुमारे 37.5 अंश तापमानात चार-पाच दिवस ठेवलेले अंडे अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या प्रकाशावर धरले की कवचाआड लाल कोळिष्टकासारखे जाळे दिसते, आणि मध्यभागी हलणारा ठिपका. पाहून झाल्यावर अंडे पुन्हा उबेत ठेवता येते.

छिद्र कधी हवे, कधी नको

चौथ्या ते आठव्या आठवड्यात वळलेल्या नलिकेत पडदे वाढतात आणि चार कप्पे होतात. जवनिकांमधला पडदा पुरा बंद होतो. कर्णिकांमधल्या पडद्यात मात्र एक झडपेसारखे छिद्र मुद्दाम राहते, कारण गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नसतात आणि रक्ताने तेथे जाऊन उपयोग नसतो. ग्रीक वैद्य गेलेन याने सांगितले होते की रक्त जवनिकांमधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून पलीकडे जाते. 1242 च्या सुमारास इब्न अल-नफीस यांनी हे स्पष्ट नाकारले: पडदा घट्ट आहे, रक्ताला फुप्फुसातूनच जावे लागते. 1924 मध्ये बर्लिनमधील हस्तलिखितामुळे त्यांचे हे लेखन आधुनिक जगापुढे आले. प्रौढांविषयी इब्न अल-नफीस अचूक होते. छिद्र असते ते गर्भात, आणि गेलेनने सांगितले त्याच्या वरच्या मजल्यावर. पहिल्या श्वासाबरोबर डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि ती झडप मिटते. सुमारे एक चतुर्थांश लोकांत ती पूर्ण चिकटत नाही, आणि त्यांपैकी बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

दिवसांचा हिशेब

जन्मतः हृदयदोष हजार बालकांमागे 8 ते 9 जणांत आढळतो. भारतात दरवर्षी अशी सुमारे 2 लाख बालके जन्मतात, असा अंदाज आहे. आता वरील दिवस आईच्या बाजूने मोजून पाहावेत. पाळी चुकते तेव्हा गर्भ साधारण 14 दिवसांचा असतो. त्यानंतर चार-पाच दिवसांत हृदयाची चंद्रकोर जमते, आठवडाभरात ठोका सुरू होतो. पाळीपासून मोजलेला दहावा आठवडा संपतो तोवर चारही कप्पे तयार असतात. शासकीय आरोग्य कार्यक्रमात 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदविणे ही ‘लवकर नोंदणी’ मानली जाते. म्हणजे लवकर नोंदणी झालेल्या मातेच्या हातात ममता कार्ड पडते तेव्हाही बाळाचे हृदय बहुधा घडून झालेले असते!

त्यामुळे ज्या गोष्टी टाळायच्या त्या गर्भधारणेच्या आधीच टाळाव्या लागतात. गर्भधारणेच्या आधीपासून असलेला अनियंत्रित मधुमेह हृदयदोषाचा धोका कित्येक पटींनी वाढवितो, आणि आता विशी-तिशीतल्या स्त्रियांतही मधुमेह आढळतो. रुबेला म्हणजे जर्मन गोवर हा आईला किरकोळ ताप देऊन जातो, पण सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाच्या डोळ्यांचे, कानांचे आणि हृदयाचे नुकसान करतो. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये हे ओळखले. भारतात गोवर-रुबेला लसीची मोहीम 2017 पासून टप्प्याटप्प्याने झाली ती 15 वर्षांखालील मुलामुलींसाठी. ज्या स्त्रिया तेव्हा त्याहून मोठ्या होत्या त्यांनी विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांना याविषयी विचारणे इष्ट. ही लस गर्भारपणात देत नाहीत. फॉलिक आम्लाची गोळी आधीपासून घेण्याचा फायदा मेंदू व कण्याच्या बाबतीत निर्विवाद सिद्ध झाला आहे. हृदयाच्या बाबतीत पुरावा तितका भक्कम नाही, पण गोळी तीच आहे.

आणखी एक विषय अवघड आहे, तरी टाळण्याजोगा नाही. जवळच्या नात्यातील विवाह मुस्लिम समाजात होतात तसे महाराष्ट्रातील अनेक हिंदू जातींत मामाच्या मुलीशीही होतात, आणि दक्षिणेत तर मामा-भाचीचेही. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात हजारो बालकांच्या अभ्यासातून 2013 मध्ये असे दिसले की चुलत-मामे भावंडांच्या विवाहात जन्मदोषाचे प्रमाण सुमारे 3 टक्क्यांवरून 6 टक्क्यांपर्यंत जाते. या आकड्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी सांगितला पाहिजे. धोका दुप्पट होतो हे खरे, आणि 100 पैकी 94 मुले निर्दोष जन्मतात हेही खरे. ज्या घरात एका मुलाला असा दोष आहे तेथे पुढील सोयरीक ठरविताना आनुवंशिक सल्ला घ्यावा, एवढे अध्यापक निःसंकोच सांगू शकतो. आईला दोष देण्याची घरोघरी चालणारी रीत मात्र शास्त्राच्या कोणत्याही पानावर बसत नाही. बहुसंख्य हृदयदोषांत एकच एक कारण सापडत नाही.

दोष राहिलाच तर तो ओळखण्याच्या वाटा आता पूर्वीपेक्षा अधिक आहेत. 18 ते 22 आठवड्यांच्या सोनोग्राफीत चार कप्पे दिसतात. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी हातापायाला लावलेल्या साध्या यंत्राने रक्तातील प्राणवायू मोजला तर अनेक गंभीर दोष वेळीच कळतात. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तीत हृदयदोषाचा समावेश आहे. गुजरातमध्ये शालेय आरोग्य तपासणीतून अशी मुले अहमदाबादच्या यू. एन. मेहता हृदयरोग संस्थेपर्यंत पाठविली जातात. दूध पिताना घाम येणारे, थांबून थांबून पिणारे, वजन न वाढणारे, ओठ व नखे निळसर दिसणारे बाळ पाहिल्यावर ‘दृष्ट लागली’ म्हणून आठवडे घालविण्याऐवजी त्या तपासणीकडे बोट दाखविणे हे लिंबायत-उधन्याच्या वस्तीतून येणारी आरोग्य सहाय्यक अभ्यासक्रमाची विद्यार्थिनीही करू शकते. तिला लक्षणे ओळखता यावीत, एवढी तयारी वर्गात व्हायला हवी.